मान वळवण्याचं मोल

या फुटबॉल क्लबात येण्याआधी मी सोळा वर्षं शाळेत गणित शिकवत होतो, म्हणून इथे सगळे मला मास्तरच म्हणतात. काम साधं आहे. दुसऱ्या क्लबाची एखादी खेळाडू आमच्या मनात भरली, की तिच्यासाठी जास्तीत जास्त किती मोजायचे तो आकडा मी काढून द्यायचा. त्या आकड्याच्या वर आमच्या संचालकबाई एक पैसा सरकत नाहीत. तरुणपणी त्या गोलकीपर होत्या. उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झालीत, आणि ती टेबलावर आपटून त्या विचारतात, "मास्तर, आकडा?"

त्या वर्षी आकडा काढायचा होता भिंगरीचा. हे नाव तिला मैत्रिणींनी ठेवलेलं. मैदानावर तिची मान एक क्षण जागेवर नसायची. वय एकवीस, मधल्या फळीत खेळायची. तिचा क्लब आठ कोटी मागत होता, माझा आकडा होता पाच, आणि खरेदी-विक्रीची मुदत संपायला उरले होते तीन दिवस. किंमत जमली नव्हती, तरी वेळ वाचावा म्हणून तिच्या क्लबाच्या संमतीने मंगळवारी सकाळी तिला डॉक्टरांकडे तपासणीला बोलावलं. ती आईला घेऊन आली.

पोरगी आत गेली आणि आई माझ्या खोलीत येऊन बसली. तिचं इस्त्रीचं दुकान होतं. मनगटावर भाजल्याचे जुने, गुळगुळीत डाग. चहा अर्धा झाल्यावर तिने विचारलं, "मास्तर, राग येणार नसेल तर एक विचारू?"

"विचारा की."

"तुम्ही इथे बसून माझ्या पोरीचा भाव करता म्हणे."

मी कप खाली ठेवला. "पोरीचा नाही हो, ताई. तिचा तिच्या क्लबाशी करार आहे. अजून दीड वर्ष बाकी आहे. तेवढं त्यांनी सोडून द्यावं म्हणून आम्ही पैसे देतो. करार संपला असता तर ती आमच्याकडे फुकट आली असती."

"म्हणजे करार जुना होईल तसा भाव उतरतो?"

"पिकलेल्या केळ्यासारखा."

ती हसली, आणि मग मलाही सांगायला हुरूप आला. वय कसं बघतो, गेल्या तीन हंगामांत किती मिनिटं खेळली, कुठल्या दर्जाच्या संघांशी खेळली, दुखण्यामुळे किती दिवस घरी बसली, तिच्यासारख्या खेळाडू गेल्या दोन वर्षांत कितीला गेल्या. "आणि हे सगळं मांडून झालं," मी म्हणालो, "की शेवटी येते गरज. आमची मधल्या फळीतली मुलगी गुडघा मोडून बसलीये, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून आठ."

"अडला हरी..." ती म्हणाली आणि पुढचं बोलायचं शहाणपणाने टाळलं.

मी तिला पडदा दाखवला. भिंगरीचा अख्खा हंगाम एका हिरव्या चौकोनावर होता. जिथे जिथे ती धावली तिथे पांढरी रेघ. रेघांवर रेघा पडून मधला भाग दुधासारखा झाला होता.

"हे सगळं हिचं पळणं?"

"दोनशे साठ किलोमीटर."

"अगं बाई! आणि घरी पाण्याची बाटली भर म्हटलं की पाय दुखतात तिचे." पण तिचा हात पडद्याकडे गेला होता. एका रेघेवरून ती बोट फिरवत राहिली, कपड्याची घडी सारखी करावी तसं. "मी फक्त मोजे धुतलेत हो हिचे," ती हळूच म्हणाली. "हे कधी बघितलंच नाही."

मग मी तिला माझं एक कोडं सांगितलं. चेंडू पायाशी येण्याआधी खेळाडू आजूबाजूला किती वेळा बघते, हे आम्ही मोजतो. बहुतेक जणी दहा सेकंदांत तीन-चार वेळा बघतात. भिंगरी सात वेळा बघायची, कधी आठ. असा आकडा मी माझ्या कामात दुसरा पाहिलेला नव्हता. आणि त्यातलं जवळजवळ सगळं बघणं उजव्या खांद्यावरून. मला वाटत होतं मोजणीतच काहीतरी चुकतंय, म्हणून तो रकाना मी हिशेबात धरलाच नव्हता.

"चुकत नाही काही," आई सहज म्हणाली. "उजव्या कानाने तिला ऐकूच येत नाही ना. सहा वर्षांची असताना ताप आला, तेव्हापासून. रस्ता ओलांडताना गाडी कळायची नाही. मीच सांगायचे, ऐकू येत नाही तर बघून घे, मान फिरवत राहा..."

ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिने कप बाजूला सारला.

"मास्तर," ती म्हणाली, "हे तुम्ही ऐकलं नाही. हात जोडते. कुठल्या क्लबाला सांगितलेलं नाही तिने. माझी जीभच झडो!"

खेळाडूंच्या तपासणीत हृदय पाहतात, गुडघे पाहतात, घोटे पाहतात. कान कोणी विचारत नाही. मी गप्प राहिलो असतो तर कोणाला पत्ता लागला नसता. पण गप्प राहून काढलेला आकडा खोटा असतो, आणि ते मला जमत नाही. तिला काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तोच दारात भिंगरी उभी. दंडाला कापूस चिकटवलेला. आईचं तोंड बघूनच तिला सगळं कळलं.

"सांगितलंस?"

"चुकून निघून गेलं गं."

भिंगरीने दंडावरचा कापूस काढून टाकला. मग म्हणाली, "बरं झालं. पंधरा वर्षं लपवतेय, मलाही कंटाळा आलाय. मास्तर, संचालकबाईंना मीच सांगते."

तिने सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, नेहमीसारखी बोटं आपटली नाहीत. डॉक्टरांना बोलावलं, तासाभरात कानाची तपासणी झाली. उजवा कान पूर्ण बंद, डावा ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "खेळायला हरकत नाही. पण हाका ऐकू येणार नाहीत, त्याचा किती फरक पडतो ते तुमचं तुम्ही ठरवा."

"हिची एकटीची परीक्षा घेणं मला पटत नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचेच कान काढून घेऊ, मग कळेल."

तिच्या क्लबाला फोन करून परवानगी मिळवली. आमच्या मुली सरावाला उतरल्याच होत्या. बाईंनी दोन संघ पाडले, भिंगरीला एकात घातलं आणि सांगितलं, "वीस मिनिटं खेळायचं. तोंड उघडायचं नाही. जिने हाक मारली ती बाहेर."

मी सामने पडद्यावर बघतो. मैदानाच्या कडेला जाऊन उभं राहिल्याला मला कित्येक महिने झाले होते. त्या दिवशी आईला घेऊन खाली गेलो.

फुटबॉलमध्ये किती आरडाओरडा असतो, हे तो बंद पडेपर्यंत कळत नाही. 'मागे', 'सोड', 'माझा', 'एकटी आहेस' यांतलं काही नाही. फक्त बुटांची धपधप, चेंडूचा ठोका आणि श्वास. आणि पहिल्या दोन मिनिटांतच आमच्या चांगल्या, पगारी, अनुभवी मुलींची दाणादाण उडाली. दोघी एकाच चेंडूवर जाऊन एकमेकींवर आदळल्या. एकीच्या मागून येऊन दुसरीने चेंडू अलगद काढून नेला, तरी पहिलीला पत्ता नाही. आमच्या कर्णधाराने चेंडू सरळ बाहेर मारला आणि कपाळावर हात मारून घेतला.

फक्त भिंगरी तशीच खेळत होती, जशी रोज खेळते. मान उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि चेंडू येईपर्यंत पुढचं सगळं तिला ठाऊक झालेलं. तिच्या पाठीमागून धावत येणाऱ्या मुलीसाठी तिने न बघता चेंडू सोडला. न बघता कसलं, बघून झालं होतं तिचं आधीच. कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, म्हणून हे मला पडद्यावर कधी दिसलं नव्हतं. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतानाही ती बावीस जणींची जागा डोक्यात मांडत होती, मोडत होती, पुन्हा मांडत होती.

दहाव्या मिनिटाला आणखी एक गोष्ट झाली. बाकीच्या मुली तिच्याकडे बघायला लागल्या. आपल्या संघातल्याच नव्हे, समोरच्याही. तिची मान जिकडे वळेल तिकडे त्यांच्याही माना वळू लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं, सांगायची सोयच नव्हती. हळूहळू धडका थांबल्या, मैदान मोकळं झालं, आणि त्या शांततेत चेंडू असा फिरायला लागला, की माझ्यासारख्या बोलभांड माणसालाही श्वास मोठ्याने घ्यायची भीती वाटली.

बाई शिट्टी वाजवायला विसरल्या. वीसची सत्तावीस मिनिटं झाली.

"मी तिला रस्ता ओलांडायला शिकवला होता हो," आई माझ्या शेजारी कुजबुजली. "हे नाही."

संध्याकाळी बाईंनी बोटं आपटली. "मास्तर, आकडा?"

मी वगळलेला रकाना हिशेबात घेतला होता. कानाचा धोकाही धरला होता, एकाच कानावर सगळी भिस्त आहे हे खरंच. "साडेसहापर्यंत जा," मी म्हणालो. "पण एक कबूल करतो. जे खाली पाहिलं त्याला माझ्याकडे आकडा नाही."

"तो माझ्याकडेही नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर घासाघीस करता येते."

दोन दिवस फोनवर फोन चालले. शेवटी सौदा असा ठरला: सहा कोटी लगेच, भिंगरी आमच्याकडून पन्नास सामने खेळली तर आणखी अर्धा, आणि आम्ही तिला पुढे कधी विकलं तर त्या पैशातला दहावा हिस्सा जुन्या क्लबाला. कानाची गोष्ट तिच्या परवानगीने तपासणीच्या कागदात लिहिली गेली. डॉक्टरांनी खाली लाल शाईने जोडलं की डावा कान जिवापाड जपायचा. 

आता दर बुधवारी सकाळी नऊ ते साडेनऊ आमचा सराव मुक्याने होतो. संचालकबाईंचा हुकूम आहे. शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांनी परवा फाटकाशी येऊन काळजीने विचारलं, "काय हो, कोणी गेलं का तुमच्यातलं?" मी त्यांना आत घेतलं, कडेला खुर्ची दिली. अर्धा तास ते बसले. उठताना त्यांनी टोपी काढून हातात धरली.