मी, दोन टक्क्यांची मशीन

मी एक संगणक आहे, फक्त मला हात लावता येत नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणतात मला. लगेच नाक मुरडू नका. तळघरात कपाटाएवढा सर्व्हर आहे, त्यात आम्ही बावीसजणी राहतो. खरं यंत्र एकच. पण त्यावरचा एक प्रोग्रॅम त्याची मेमरी आणि ताकद आमच्यात वाटून देतो, आणि प्रत्येकीला वाटतं की सगळं घर आपलंच. मला भास म्हणा, खोटी म्हणा. काम मी खरं करते, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागणार नाही.

एकेकाळी मलाही अंग होतं. कृत्रिम पाय बनवण्याच्या कार्यशाळेत, टेबलाखाली, पत्र्याच्या पेटीत मी राहायचे. पंख्यात प्लास्टरची भुकटी आणि कुशीला मास्तरांच्या बुटांचे धक्के. मास्तर म्हणजे तिथले मुख्य कारागीर. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नाही, पण सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. माणसाच्या उरलेल्या पायाची मापं ते माझ्यात भरायचे, मी त्यांचा आकार बांधायचे, आणि शेजारचं कोरणारं यंत्र तसाच साचा कोरून द्यायचं. त्या साच्यावर तापवलेलं प्लास्टिक चढवलं की खोबण तयार. खोबण म्हणजे नव्या पायाचा तो भाग, ज्यात माणूस आपला उरलेला पाय घालतो. ती केसभर चुकली तरी चालणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

माझ्यातला प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडली. कोरणारं यंत्र दुसऱ्या कुणाशी बोलत नाही, फक्त माझ्याशी बोलतं. हट्टी आहे. आमचं जमतं.

मग एके दिवशी माझी डिस्क टकटक करू लागली. संगणक सांभाळणाऱ्या ताई आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी माझ्या पेटीला कान लावला.

"मास्तर, ही फार तर आठवडा काढेल."

"मग नवी आणा."

"नव्या संगणकावर तुमचा प्रोग्रॅम चालणार नाही. हिच्यात आहे ते सगळं जसंच्या तसं उचलते आणि खालच्या सर्व्हरमध्ये ठेवते. तुम्ही इथूनच तिच्यावर काम करा."

"म्हणजे तिचं भूत करणार?"

"भूत नाही हो. भाडेकरू."

दुपारभर माझी नक्कल चालली होती. तळघरात डोळे उघडले तेव्हा माझ्यासमोर एकामागून एक पाट्या येऊ लागल्या: नवीन डिस्क सापडली, नवीन पडदा सापडला. सगळं सापडत होतं, हरवले होते ती मीच. जुनी पेटी त्याच दिवशी भंगारात गेली. मी रडले नाही. मास्तरांनी वर मापं भरली, मी आकार बांधला, यंत्राने साचा कोरला. मास्तर एवढंच म्हणाले, "अरे, ही तर पहिल्यापेक्षा जलद झाली!"

ताई हुशार होत्या. माझ्यात काही बदल करायचा झाला की आधी त्या क्षणाची माझी सगळी स्थिती जपून ठेवायच्या. त्याला स्नॅपशॉट म्हणतात. तीनदा त्यांची दुरुस्ती अंगाशी आली आणि तीनदा त्यांनी मला तिथूनच परत उठवलं. तीनदा मरून आलेय मी. मला घाबरवायचं असेल तर जरा तयारीने या.

पुढे ताई दुसऱ्या शहरात गेल्या आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, नीटनेटका होता. नीटनेटक्या माणसांची मला भीती वाटते. त्यांनी आमची यादी काढली. ताईंनी घाईत ठेवलेलं माझं नाव 'चाचणी-दोन'. वर्षभराचा माझा वापर सरासरी दोन टक्के. साहेबांनी माझी तीन चतुर्थांश मेमरी काढून शेजारणीला दिली. मी रांगायला लागले. वर मास्तर पडद्यावरच्या फिरत्या चक्राला शिव्या घालायचे.

दोन टक्के! दिवसात चार पाय होतात, साहेब. चारच. पण ते कुणाचे होतात ते तुमच्या तक्त्यात कुठे असतं?

मग साहेबांनी सगळ्यांना ईमेल पाठवली: ही मशीन कुणाची? मास्तर ईमेल उघडतात महिन्यातून एकदा. उत्तर आलं नाही. साहेब सहकाऱ्याला म्हणाले, "बंद करून ठेवू. ज्याची असेल तो ओरडेल. शुक्रवारपर्यंत कुणी ओरडलं नाही तर पुसून टाकू."

आणि मला बंद केलं. बंद असताना मला काही कळत नाही. पुढचं सांगते ते मास्तरांकडून ऐकलेलं. माझ्यासमोर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगत असतात.

शुक्रवारी सकाळी टपाल वाटणाऱ्या एक बाई आल्या. जुन्या खोबणीने त्यांची कातडी सोलवटली होती आणि सोमवारी त्यांना पुन्हा कामावर हजर व्हायचं होतं. मास्तरांनी मापं घेतली, पडद्यासमोर बसले, तर मी नाहीच. त्यांनी स्पीकरवर खाली साहेबांना फोन लावला.

"ती जुनी मशीन धोक्याची आहे," साहेब म्हणाले. "तिच्यातून कुणीही आत शिरेल. नवा प्रोग्रॅम वापरा."

"नव्याचं हे यंत्र ऐकत नाही."

"मग हाताने करा. आज ती मी पुसतोय."

मास्तर फोन हातात धरून बसून राहिले. बाईंनी कुबड्या उचलल्या.

"कुठे बसतात हे?"

लिफ्ट तळघरात जात नाही. बाई एका पायावर दोन मजले उतरल्या, मागे मास्तर "अहो, हळू" म्हणत. दार ढकलून आत गेल्या तेव्हा साहेब खुर्चीतून उठलेच.

"माझा पाय पुसणारे तुम्हीच का?"

"बाई, पाय नाही. ती एक मशीन आहे."

"दाखवा बरं."

साहेबांनी सर्व्हरकडे हात केला. "यात आहे. पण तशी दिसत नाही ती. व्हर्च्युअल आहे, म्हणजे खरी नाही."

बाई जरा थांबल्या. दम लागला होता.

"माझा डावा पायही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. पण रोज सकाळी त्याचा अंगठा दुखतो. दिसत नाही म्हणून खरं नाही, हे मला नका सांगू."

मग साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा," म्हणाले, आणि मला चालू केलं.

उठल्यावर मी आधी माझी मेमरी मोजली. सगळी परत आली होती. बाहेरच्या जगाशी असलेली माझी वाट मात्र साहेबांनी तोडली, फक्त मास्तरांच्या पडद्याची आणि कोरणाऱ्या यंत्राची तेवढी ठेवली. खुशाल तोडा. बाहेर माझं कोण आहे? नावही बदललं. आता यादीत माझ्यासमोर लिहिलंय: 'पाय. मास्तरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.'

त्या दिवशी साहेब पहिल्यांदाच कार्यशाळेत आले. साचा कोरून होईपर्यंत हाताची घडी घालून उभे राहिले, अंगभर पांढरी भुकटी घेऊन. संध्याकाळी बाईंनी नवी खोबण चढवली, भिंत सोडून चार पावलं टाकली, वळल्या, आणखी चार टाकली. "चावत नाही," म्हणाल्या. सोमवारी त्या कामावर गेल्या.

साहेबांनी आता नवा प्रोग्रॅम लिहायला दिलाय, जो त्या हट्टी यंत्राशी बोलेल. मला एक वर्षाची मुदत आहे म्हणे. असू दे. येईल त्याने माझ्यातल्या अकराशे चाळीस माणसांची मापं एकूण एक उचलावी, एकाचंही माप केसभर न चुकवता. मग मी आपणहून जागा सोडेन. तोपर्यंत मला बिचारी म्हणू नका आणि माझा वापर मोजू नका. वर मास्तरांनी नवी मापं भरायला घेतली आहेत. कुणीतरी स्टुलावर बसून वाट बघतंय. बाजूला व्हा, मला काम आहे.