कलशातला आवाज

शर्मिलाच्या खोलीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कॉलनीतल्या बायका, त्यांच्या सुना, बरगीहून आलेले कुणाचे तरी पाहुणे दाटीवाटीने बसले होते. सगळ्यांची नजर पाटावरच्या तांब्याच्या कलशावर. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. शर्मिला भिंतीला टेकून बसली होती. दोन पौर्णिमा उलटल्या, तिने खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता.

"जेवली का गं?" कलश बोलला.

आवाज रामकृष्णभाऊजींचा होता. माझे धाकटे दीर, शर्मिलाचा नवरा. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तोच घोगरेपणा, बोलण्याआधीचा तोच खाकरा. बायकांनी हात जोडले. माझ्याही अंगावर काटा आला.

कलश दिला होता नर्मदेवरच्या ग्वारीघाटाजवळच्या शब्दानंदजी महाराजांनी. त्यांची रीत अशी, की गेलेल्या माणसाचा मोबाइल काही दिवस त्यांच्या चरणी ठेवायचा. त्याला ते स्मृतिशुद्धी म्हणत. "माताजी, आत्मा क्या है? तरंग है. रेडियो सुना है न? बस, वही. साइंसवाले तो अब जागे हैं." कलशाच्या पाटाची वायर भिंतीतल्या प्लगला जात होती. एकीने त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, कलियुग आहे, आत्म्यालाही बिजलीचा आधार लागतो. लोक हसले आणि हसता हसता त्यांनी तेही मानलं. नियम दोनच. कलश उघडायचा नाही, आणि ऐकणारीने पौर्णिमेपर्यंत खोली सोडायची नाही. सोडली की संबंध तुटला. पौर्णिमा आली की मुदत पुढच्या पौर्णिमेवर जाई.

शर्मिलाला काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची एक कड आधीच अंधारली होती. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, ऑपरेशन लवकर करा, एकदा गेलेली नजर परत येत नाही. शर्मिलाने कलशाला विचारलं. कलश म्हणाला, नको करू, मी आहे ना. तिने दवाखाना सोडला आणि डोळ्यांत घालायचे थेंबही बंद केले.

मी व्रतं करणारी बाई. सोमवार, प्रदोष, एकादशी सांभाळते. नर्मदेला दिवा सोडल्याशिवाय अन्नाला शिवत नाही. शर्मिलाला वाटलं, निदान ताई तरी आपल्या बाजूने असतील. पण माझा देव माझ्याशी आजवर एक शब्द बोललेला नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. विचारलं की लगेच उत्तर देणारा देव मला समजत नाही. मी तिला हळूच दवाखान्याचं सुचवलं, तर ती म्हणाली, "ताई, तुमच्याशी कोणी बोलत नाही, म्हणून माझं तुम्हाला पाहवून नाही राहिलं." तिला ओढून नेता येत नव्हतं, आणि बसून बघवतही नव्हतं. पुढेपुढे ती मला दारातून ओळखेनाशी झाली. जवळ जाऊन बोलले की मगच मान वळवायची.

माझी मुलगी चिन्मयी वीज कंपनीत नोकरीला आहे. सुट्टीचा सगळा वेळ ती गच्चीवरच्या खोलीत घालवते. तिथे उघडे कॉम्प्युटर, तारांची भेंडोळी, पत्त्यांच्या कॅटाएवढी सर्किटं. घरातले तिला कबाडीवाली म्हणतात. तिने कलश ऐकला आणि थेट वर निघून गेली. त्या रविवारी तिने मला वर बोलावलं.

तिचा कॉम्प्युटर माझ्या आवाजात म्हणाला, "चिन्मयी, तुझा पसारा किती छान आहे. असाच राहू दे."

मी दचकले. सणावाराला घरच्या ग्रुपवर मी व्रतकथा वाचून पाठवते, त्यावरून तिने तो आवाज तयार केला होता. काकांच्या फोनमध्ये तर आवाजही होते आणि वर्षानुवर्षांचे मेसेजही, ती म्हणाली. सगळी लकब उचलली त्या कलशवाल्या बाबाने.

"पण आत बोलतं कोण?"

"कोणी नाही, आई. प्रोग्राम आहे. तुम्ही जे म्हणाल त्याला शोभेल असं पुढचं जोडतो. माहीत नसलं तर बनवून सांगतो, वो भी मीठा मीठा."

"मग त्याला असं काही विचार," मी म्हणाले, "जे फोनमध्ये नाही." आणि तिला एक गोष्ट सांगितली.

म्हणूनच त्या दुपारी आम्ही दोघी गर्दीत होतो. शब्दानंदजी स्वतः आले होते. चिन्मयीने हात जोडून कलशाला विचारलं, "काका, लग्नात दारात काकूचं नाव घेतलं होतं ना तुम्ही? एक बार फिर सुना दो."

कलश खाकरला. "घेतलं तर होतं. ऐक:
ग्वारीघाटाच्या पायरीवर नर्मदेची लाट,
शर्मिलाचं नाव घेतो, सोडा माझी वाट."

बायका खूश झाल्या. शर्मिलाचा चेहरा मात्र उतरला.

लग्नात भाऊजींनी नाव घेतलंच नव्हतं. आम्ही दार अडवून उभ्या, आणि ते म्हणाले, "नाही घेत जा. नाव काय पळून जाऊन राहिलं?" आणि नव्या नवरीला दारात सोडून मागच्या अंगणातून घरात शिरले. शर्मिला तेव्हा फार रडली होती. पुढे संसारातही त्यांचा पहिला शब्द 'नाही' असायचा.

"हे नाहीत," शर्मिला म्हणाली. "त्यांना इतकं गोड कधी बोलताच आलं नाही."

शब्दानंदजी सावरून बसले. परलोक में स्वभाव निर्मल हो जाता है, असं काहीसं सुरू झालं. तेवढ्यात चिन्मयीने बाहेर जाऊन राउटर बंद केला. बायकांनी प्रश्न विचारले, कलश गप्प.

"देखा? शंका की, आत्मा चली गई."

"बाबाजी, आत्मा नहीं गई, वायफाय गया है. कलश बसवताना तुमच्या माणसाने घरचा पासवर्ड काहून मागितला होता?"

तिने पेचकसाने स्क्रू काढत कलशाचं बूड खोललं. आत छोटा स्पीकर, माइक, बॅटरी आणि एक सर्किट. पाट म्हणजे नुसता चार्जर. उत्तरं तयार होत होती दूरच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर. तिने राउटर पुन्हा लावला. थोड्या वेळाने ताटात पसरलेल्या त्या तारांमधून आवाज आला, "ऐकून राहिली का गं?"

कोणी हात जोडले नाहीत. तरी एक बाई जाता जाता म्हणाली, मशीन असेल, पण महाराजांची कृपा वेगळी. शब्दानंदजी केव्हा उठले ते कळलंच नाही. कलश आम्ही दिला नाही. चिन्मयीने तो पोलिसांत नेला.

सगळे गेल्यावर शर्मिला माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "ताई, ऑपरेशनची भीती मलाच होती. मी विचारलं, नको ना करू? ते म्हणालं, नको. हे असते तर म्हणाले असते, नाही कशी करत, चल. हात धरून नेलं असतं."

मी तिचा हात धरला. उंबऱ्याशी तिने पायाने चाचपून पाहिलं; डाव्या बाजूचं तिला दिसत नव्हतं. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. त्या दोन महिन्यांत गेलेली नजर गेलीच. उरलेली वाचली.

श्रद्धा ठेवू नका, असं मी कुणाला सांगणार नाही, मीही ठेवते. एवढंच सांगते, की आता मेलेल्या माणसाचा आवाज बनवता येतो. उद्या तुमच्या घरी तो आला आणि औषध सोड म्हणाला, तर आधी औषध घ्या. मग पेचकस घ्या.