श्रेयसचे साहेब

मार्तंडरावांच्या घरात मुलगा-मुलगी असा भेद कधी नव्हता आणि कधी नसणार. हे त्यांनी चौलच्या वाचनालयात भाषणातच सांगितलं होतं. शुक्रवारी दुपारी मात्र ते क्षिप्राच्या खोलीचं दार आतून लावून कुजबुजत होते, की दादाचं, म्हणजे श्रेयसचं, लग्न ठरेपर्यंत तरी तिने साहेब होऊ नये.

दोघं भावंडं एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होती, घरी बसून काम करायची. श्रेयसच्या गटाचं प्रमुखपद कंपनीने क्षिप्राला देऊ केलं होतं आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. गटात ती एकटीच मुलगी. आधी किशोरी नावाची आणखी एक होती. पण लग्नानंतर तिच्या सासऱ्यांना सुनेचे रात्रीचे फोन चालेनात आणि कंपनीला तिची कारणं चालेनात.

त्याच दिवशी म्हसळ्याचे रावजी आपल्या मुलीला, हेमांगीला, घेऊन स्थळ बघायला येणार होते. धाकट्या बहिणीच्या हाताखाली काम करणारा मुलगा कोण पत्करणार, या धास्तीने मार्तंडरावांना घाम फुटला होता. श्रेयस सारखा शर्ट बदलत होता. आईने घाबरून पोह्यांत दोनदा मीठ घातलं. क्षिप्राची भीती निराळी होती. आपण बाबांना 'बरं' म्हणून टाकू, याची. आजवर ती तेच म्हणत आली होती, आणि दर वेळी घर खूश झालं होतं.

पाहुणे आले. रावजींनी पोहे निमूट गिळले, वर पाणी प्यायले आणि श्रेयसकडे वळले.

"तुमचे साहेब कोण?"

श्रेयसने वडिलांकडे पाहिलं.

"आहेत एक," मार्तंडराव म्हणाले. "पुण्याचे."

तेवढ्यात क्षिप्रा चहाचा ट्रे घेऊन आली. तिने ट्रे खाली ठेवला, फोन काढला, सगळ्यांदेखत 'हो' पाठवलं आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "मी. आत्तापासून."

मार्तंडरावांनी डोळे मिटून घेतले. स्थळ गेलं, हे त्यांना मिटल्या डोळ्यांनीही दिसत होतं.

रावजींची सगळी नोकरी सरकारी कचेरीत साहेबांना भिण्यात गेलेली. ते ताडकन उभे राहिले. सदरा खाली ओढला. ओठांवरून जीभ फिरवली.

"मॅडम," ते चाचरत म्हणाले, "सोमवारी यांना अर्ध्या दिवसाची रजा मिळेल का? आमच्याकडे जेवायला बोलवावं म्हणतोय."