बाळा घाड्याची चाय आणि गावाचं गाऱ्हाणं

प्रकृतीपुढे माणसाचा हट्ट चालत नाही, हे तत्त्व बाळा घाडी बासष्ट वर्षं निष्ठेने मानत आला होता. फक्त त्यातली प्रकृती नेहमी दुसऱ्या कोणाची तरी असायची. दिवाळीनंतर त्याच्याच छातीत धडधड सुरू झाली आणि तत्त्वाची पंचाईत झाली.

कुणकेश्वरच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर अक्षयाने विचारलं, “दिवसाला चहा किती?”

“चार-पाच,” बाळा दवाखान्यात बोलायच्या शुद्ध मराठीत म्हणाला.

“नऊ,” शेजारून त्याची बायको काशीबाई म्हणाली. “पावणो इलो तर धा.”

डॉक्टरने नाडी सोडली. निरोगी माणसाला दिवसाला चारशे मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा बाधत नाही, पण तुमचे नऊ कप त्या रेघेवर जाऊन उभे आहेत, असं तिने सांगितलं. “चारवर या. पण हळूहळू. एकदम सोडलात तर डोकं धरेल.” जाताजाता तिने तपासणीसाठी त्याचं रक्तही घेतलं.

काशीबाईने सगळं नीट ऐकलं. फक्त ‘हळूहळू’ ही गोष्ट तिच्या संसारात आजवर कधी झालेली नव्हती. घरी येताच चहापावडरीचा डबा कपाटात गेला आणि कपाटाची चावी तिच्या कमरेला.

“डाक्टरान चार सांगल्यान,” बाळा म्हणाला.

“डाक्टर सभ्य आसा,” काशीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाळाचं डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी ते डोकं त्याचं राहिलंच नाही. आणि नेमकी तिसऱ्या दिवशीच गावातून आंब्याची पहिली पेटी निघायची होती.

पेटी टेम्पोत चढण्याआधी ग्रामदैवत रवळनाथासमोर ठेवायची आणि गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं, हा रिवाज होता. एकाने मागणं बोलायचं आणि प्रत्येक मागण्यामागून सगळ्या गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तो एक म्हणजे बाळा. त्याआधी त्याचा बाप. बाळाकडे दुसरं काही नाव घेण्यासारखं नव्हतं. बाग चार कलमांची, आवाज मात्र डोंगरापलीकडे जाणारा. पुतण्या गुरुप्रसादने ते सगळं गाऱ्हाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठ केलं होतं आणि तो दोन वर्षं अत्यंत आदराने काकाच्या मागे उभा राहत होता. त्या आदराची बाळाला धास्ती वाटे.

सकाळी नऊला देवळात गाव जमलं. बाळाने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! आज ही गावाची पयली पेटी तुझ्या पायाशी ठेवललीय, ती मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आणि पुढे काही नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच पुढची ओळ जागेवर नव्हती. तिच्या जागी ठणका होता. बाळा देवाकडे बघत राहिला, देव बाळाकडे.

“काका, तुडतुडो,” गुरुप्रसाद मागून हळूच म्हणाला. मोहोराचा रस शोषणारी कीड दूर कर, ही खरोखरच पुढची ओळ होती. “सांगू काय मी?”

“माका म्हायत आसा रे! देवाक घाय नाय, तुका कित्याक?”

बाळा वळला आणि तडक देवळाबाहेर गेला. विजयदुर्गचा नदीम टेम्पो लावून पेटीची वाट बघत होता.

“थर्मासात काय आसा रे?”

“चाय. पण बाळाकाका, काशीकाकी...”

“काकी देवळात आसा. ओत.”

तोवर काशीबाई पायरीपर्यंत आली होती. “अवो! गावासमोर कसलो तमाशो?”

“चारचो शून्य कोणी केल्यान? तमाशो तो!”

“छातीत धडधडता ना तुमच्या?”

“धडधडांदे. माझी छाती आसा, तुझा कपाट न्हय!”

एक कप झाला. बाळाने कप पुन्हा पुढे केला. दुसरा झाला. मग तो पायरीवर बसला आणि बसूनच राहिला. वीस मिनिटं गाव थांबलं. पूजा करणारे गुरवही थांबले. टेम्पोत नदीमने घड्याळ बघितलं. डोळ्यांमागचा ठणका जरा उतरल्यावर बाळा उठून आत आला, आणि मग तुडतुडा, करपा, वांदर, अवकाळी पाऊस, वाशीचे दलाल, एकेक संकट त्याने नाव घेऊन देवासमोर हजर केलं. प्रत्येकामागून गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत गेलं. गुरुप्रसादही म्हणत गेला, कारण दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती.

गाऱ्हाणं संपलं की नारळ फोडायचा, पण नारळ हातात घेऊनही बाळा थांबला नाही.

“बा देवा! चाळीस वर्सां तुझ्यासमोर उभो रवणारो ह्यो बाळो घाडी. डाक्टरान तेका चार कप सांगल्यान, आणि घरच्यांनी एक ठेवल्यानी नाय. तर जो कोण तेच्या कपाआड येयत, तेका बुद्धी दी, आणि तेची चाय होती तशी चालू ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

गाव सवयीने म्हणालं होतं. त्यात काशीबाईचाही आवाज होता, चांगला खणखणीत. तो आपला आहे हे कळल्यावर तिने तोंडाला पदर लावला. पण देवासमोर दिलेला होकार मागे घ्यायची सोय नव्हती. दुपारी कपाट उघडं झालं.

आठ दिवसांनी दवाखान्यात जाताना बाळाने शुद्ध मराठीतलं एक वाक्य वाटभर घोटलं होतं: “डॉक्टर, माझे नऊ कप वरून मंजूर झालेले आहेत.” ते तो छाती काढून बोलला.

डॉक्टर अक्षयाने रक्ताचा रिपोर्ट त्याच्यासमोर सरकवला. धडधड थायरॉइडची होती.