उसवलेल्या कॉलरी

तीन महिने ऑर्डर नव्हती, तरी शर्टांच्या कारखान्याचा मालक शिवणाऱ्या बायकांना काम पुरवत होता. शिवलेले शर्ट तो संध्याकाळी घरी नेई, बायको ते उसवी आणि सकाळी तेच तुकडे नवी ऑर्डर म्हणून मशिनींवर येत. हात रिकामे राहिले की माणसं पांगतात, असं त्याचं म्हणणं. बायकोच्या बोटांचं म्हणणं त्याने विचारलं नव्हतं.

सोमवारी कॉलरवाली टेबलाशी आली. तिच्यासारखी कॉलर कारखान्यात दुसऱ्या कुणाला जमत नसे.

"मालक, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत जागा आहे. हो की नाही, आत्ताच कळवायचंय. खरं सांगा, आपल्याकडे काम आहे ना पुढं?"

"अगं बाई, मान वर करायला फुरसत नाही!" मालक म्हणाला. खोटं बोलताना त्याचा आवाज नेहमीच खणखणीत लागे.

तिने तिथूनच फोन करून लॉन्ड्रीला नाही म्हटलं. मग जागेवर जाऊन नवा गठ्ठा सोडला आणि एक कॉलर उजेडात धरली. काठाने जुन्या सुईची भोकं रांगेत दिसत होती. ती कॉलर घेऊन परत आली.

"ही मीच शिवली होती."

मालक स्वच्छ टेबल पुसू लागला. "लॉन्ड्रीला परत विचारून बघ," तो पुटपुटला.

"इकडे येतानाच फोन करून विचारलं. दुसरी घेतली त्यांनी." तिने कॉलरीच्या टोकावरून बोट फिरवलं. "उसवतं कोण?"

"बायको."

"वहिनींना म्हणावं, टोकाशी ओढू नका. अजून दोनदा शिवून होईल. मग कापडच उरणार नाही."