अ‍ॅडमिनपती

कवडवाडीचा सर्व्हर माझ्या कपाटावर ठेवलाय, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा. मी सोमेश्वर, ग्रामपंचायतीचा शिपाई. कपाटात जुनी रजिस्टरं, वर तो कॉम्प्युटर, आणि त्याच्यावर पाल पडू नये म्हणून माझा टॉवेल. उन्हाळ्यात पंखा त्याच्याकडे असतो आणि मी घामात.

हा उद्योग वनमालावहिनींचा. आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. दिवाळी झाली की नव्वद कोयते, म्हणजे नव्वद जोडपी, ऊसतोडीला जातात. गावात उरतात म्हातारे, शेरडं आणि आमच्यासारखे चार रिकामे. पांगलेल्या गावाला बोलायला व्हॉट्सअ‍ॅप होतं, पण तिथं ज्याला त्याला अ‍ॅडमिन व्हायचं होतं. शेवटी 'आपली कवडवाडी' नावाचे अकरा ग्रुप झाले आणि त्यातल्या दहांतून मला काढलेलं. कारण अजून कळलेलं नाही.

वहिनी बीडला कॉम्प्युटर शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या ओट्यावर बसलं की उठवतेतच. आपला ओटा आपण बांधू." भंगारात निघालेला कॉम्प्युटर त्यांनी मागून घेतला, आठ दिवस त्याच्याशी झटल्या, आणि गावाची स्वतःची साइट सुरू झाली. गंमत अशी की दुसऱ्या गावानं असाच सर्व्हर मांडला, तर दोघांची सोयरीक जुळवता येते. आपलं खातं आपल्या गावात, पण बोलणं त्यांच्याशीही. वहिनींच्या माहेरी, केजकडे, त्यांच्या भावानं, सोमनाथनं, लगेच मांडला. तेव्हापासून वहिनींची आई छबुबाई रोज सकाळी आपल्या आवाजात काहीतरी पाठवायच्या. म्हैस व्याली, हरभऱ्याला घाटे आले, शेजारणीनं नेलेली वाटी अजून आणून दिली नाही. ते ऐकल्याशिवाय वहिनी चहा घेत नसत. लग्नाला आठ वर्षं झाली, पण माहेरी किती वेळा गेल्या ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

ग्रामसभेनं मात्र वेगळंच विचारलं. अ‍ॅडमिन हे पद आहे का? पद असेल तर आरक्षण पाहिजे. चिठ्ठी टाकली, महिला निघाली, वहिनी बिनविरोध झाल्या. दुसऱ्याच दिवशी फाट्यावर बॅनर लागला: 'अ‍ॅडमिनपती मा. रामकिसनभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन'. फोटो रामकिसनचा आणि बारा शुभेच्छुकांचे. वहिनींचा कुठेच नाही.

रामकिसन म्हणजे वहिनींचे यजमान. माणूस वाईट नाही, फक्त खुर्ची दिसली की बसतो. त्यानं पांढरे कपडे शिवले, शिक्का करून आणला. लोक कागदावर अर्ज आणायचे: 'सिदूने माझ्या दुःखद पोस्टवर हसण्याचे चिन्ह टाकले आहे, ते काढण्यात यावे.' हा शिक्का मारून म्हणायचा, "करून टाकतो." मग घरी जाऊन म्हणायचा, "अगं, तेवढं करून टाक." वहिनी योग्य वाटेल ते करायच्या आणि बाकीचे अर्ज चुलीत घालायच्या. पासवर्ड काय आहे, हे ना त्याला कुणी विचारलं, ना त्यानं वहिनींना.

या दिवाळीत सोमनाथ मुराळी म्हणून बहिणीला न्यायला आला. "अ‍ॅडमिनला गाव सोडता येत न्हाई," असं सांगून रामकिसननं त्याला एकट्यालाच परत लावलं. जाता जाता सोमनाथनं ऑफिसच्या खिडकीतून एक फोटो काढला. अ‍ॅडमिनपती खुर्चीत झोपलेले, तोंड उघडं, पोटावर शिक्का. खाली लिहिलं, 'कवडवाडीचा सर्व्हर चालू हाय.' एव्हाना सोयरिकीत सतरा गावं झाली होती, त्या सगळ्यांत तो फिरला. गेवराईकडच्या कुठल्याशा गावातून तर तीनशे जण हसले.

रामकिसन तणतणत ऑफिसात आला. वहिनी तिथंच होत्या.

"तोड ती सोयरीक. ते गावच बंद कर."

"ते गाव माझं माहेर हाय."

"म्हणूनच म्हणतोय."

"न्हाई तोडणार," वहिनी म्हणाल्या आणि माझ्या टॉवेलनं कॉम्प्युटर पुसत राहिल्या.

मग त्यानं ग्रामसभा लावली. निम्मी सभा ऑफिसात, निम्मी उसाच्या फडातून मोबाइलवर. सभा सर्व्हरवरूनच चालू होती, त्यामुळं सोयरिकीतली गावंही कान देऊन बसली होती. रामकिसन उभा राहिला. "पासवर्ड ही गावाची मालमत्ता हाय. अ‍ॅडमिनबाईंनी तो अ‍ॅडमिनपतीकडं द्यावा." सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसा काही मीच तो कपाटात दडवलाय.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मी लपवला कुठं? पासवर्ड लांब पाहिजे आन् आपल्याला इसरू नये असा पाहिजे, म्हणून लग्नातला माझा उखाणा टाकलाय. भर मांडवात घेतलता. तुमी शेजारीच बसलेले होते. टाका की."

रामकिसन म्हणाला, "हाय की ध्यानात." आणि बराच वेळ छताकडे बघत राहिला.

मग गाव मदतीला धावलं. लग्न सगळ्यांना आठवत होतं. कडूबाईंना वांग्याच्या भाजीत मीठ नव्हतं ते आठवत होतं. सिदू फडातून ओरडला, "मांडव वाऱ्यानं उडालता!" भागवतला त्या दिवशी चोरीला गेलेली चप्पल आठवली आणि तो नव्यानं चिडला. उखाणा एकालाही येईना. शेवटी बंकट फोटोग्राफरनं लग्नाचा व्हिडिओ आणला. सगळे डोळे लावून बसले. नेमक्या उखाण्याच्या जागी बंकटनं बेंजो टाकलेला. पडद्यावर वहिनींचे ओठ हलतात, बायका तोंडाला पदर लावतात, आणि बाशिंग बांधलेला रामकिसन जोरजोरात होकाराची मान हलवतो.

"कशाला मान हलवली बे?" भागवतनं विचारलं.

"फोटोवाल्यानं हलव म्हणलं."

"मी न्हाई म्हणलं," बंकट म्हणाला.

तेवढ्यात मोबाइलमधून छबुबाईंचा आवाज आला. त्यांना भांडण कशाचं हे कळलंच नव्हतं, एवढंच कळलं की जावई उखाणा विसरलेत. "अवं जावईबापू, आमच्या वनीचा उखाणा मला पाठ हाय की. घ्या ऐकून.

उंबरा वलांडला, मागं राहिली आई,
रामकिसनराव, दार उघडं ठेवा, दुसरं मागणं न्हाई."

वहिनींचा चेहरा उतरला. आईनंच कुलपाची किल्ली हातात दिली होती. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

रामकिसन मोबाइलवर एका बोटानं लिहायला बसला. पहिल्या खेपेला त्यानं 'मा. रामकिसनभाऊ' असं लिहिलं. चूक. दुसऱ्या खेपेला शुद्ध लिहायला गेला आणि 'नाही' लिहिलं. तेही चूक. मग एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहू लागला. दार. उघडं. ठेवा. पुन्हा मागं गेला, पुन्हा म्हणाला. दुसरं मागणं न्हाई.

उघडलं. सोयरिकीतल्या गावांची यादी समोर आली. वहिनींच्या माहेरापुढं लाल बटण होतं. बोट त्यावर नेऊन तो थांबला. समोर पडद्यावर बंकटचा व्हिडिओ त्याच जागी अडकून पुन्हा पुन्हा फिरत होता, आणि त्यात तो अजून मान डोलावत होता.

"मी हो म्हणलो व्हतो व्हय?"

"मान तर हलवलीत," वहिनी म्हणाल्या.

त्यानं मोबाइल पालथा ठेवला. "मग ऱ्हाऊ दे."

भागवतनं नवीनच घोर लावला: पासवर्ड आता सतरा गावांना माहीत झालाय, आत्ताच्या आत्ता बदला. वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "आता नाव तुमी घ्या." सभा खुर्च्या पुढं ओढायला लागली. "सगळे बाहेर," वहिनी म्हणाल्या. "पासवर्ड हाय."

गाव कुरकुरत बाहेर गेलं. मी मोबाइलवरची सभा बंद केली आणि थांबलो. सर्व्हरजवळ शिपाई लागतोच. रामकिसन घामानं निथळत होता, म्हणून मी पंखा त्याच्याकडे फिरवला. तीनदा अडखळला, चौथ्यांदा जमलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग त्यांनी तो टाइप केला, हळूहळू.

मी ऐकलाय, पण सांगणार नाही. एवढंच सांगतो की त्यात केजची एसटी आहे, आणि रविवारी वहिनी तिच्यात बसून गेल्या.