प्लग आजोबांच्या हातात

काळ्या स्क्रीनवर तीच पांढरी ओळ चौथ्यांदा उगवली आणि भिंगरीने घड्याळाकडे बघितलं. सुरू करण्यासारखं काहीही सापडलं नाही, असं ती ओळ सांगत होती. बस, एवढंच. चूक कोणाची, आता पुढे काय, याबद्दल लॅपटॉपने मौनव्रत धरलं होतं.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. चार वाजता आईची परीक्षा होती.

आणि ही काही साधीसुधी परीक्षा नव्हती. भिंगरीची आई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर चादरी, वाफ आणि पुन्हा चादरी. धुलाईघराच्या दोन मजले वर प्रयोगशाळा होती, आणि ते दोन मजले चढण्यासाठी आई दोन वर्षं अभ्यास करत होती. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला पुस्तक टेकवून. गेल्या वर्षी ऐन परीक्षेच्या दिवशी भिंगरीला ताप भरला आणि आई तिच्या उशाशी बसून राहिली. यंदाची संधी शेवटची, कारण पुढच्या वर्षी आई वयाच्या अटीतून बाहेर पडणार होती. परीक्षा घरूनच द्यायची होती, पण फोनवर ती उघडत नव्हती, लॅपटॉपच लागायचा. आणि परीक्षेच्या प्रोग्रॅमने काल आईच्या म्हाताऱ्या लॅपटॉपकडे बघून नाक मुरडलं होतं: तुमची सिस्टिम फार जुनी आहे, नवी टाका.

"त्यात काय," भिंगरी म्हणाली होती. "हातचा मळ आहे माझ्या."

ही अगदीच पोकळ बढाई नव्हती. गेल्या महिन्याभरात शाळेच्या संगणक खोलीतले सहा संगणक तिने बाईंच्या नजरेखाली नवेकोरे करून दिले होते, आणि तेव्हापासून ती जमिनीच्या चार बोटं वरूनच चालत होती.

सकाळी बाई फोनवर होत्या. लॅपटॉप जरा तऱ्हेवाईक निघाला. पेनड्राइव्ह आत असला की तो सेटिंगचं पानच उघडेना, नुसतं कंपनीचं चिन्ह दाखवत बसे. मग बाईंनी वाट काढली. आधी पेनड्राइव्ह बाहेर ठेवायचा. सेटिंगमध्ये जाऊन 'पेनड्राइव्हवरून सुरू हो' हा पर्याय चालू करायचा, तो जतन करायचा, लॅपटॉप बंद करायचा, पेनड्राइव्ह लावायचा आणि पुन्हा चालू करायचा. भिंगरीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं, तसंच केलं, आणि पहिल्याच फटक्यात जमलं. जुनं सगळं पुसून टाकू का, असं लॅपटॉपने विचारलं, तर तिने ऐटीत हो म्हणून टाकलं. आईच्या सगळ्या नोट्स वहीतच होत्या, त्यामुळे पुसायची भीती नव्हती. "शाबास," बाई म्हणाल्या, आणि शाळेत परीक्षेच्या देखरेखीला गेल्या. तिथे फोन कपाटात जमा करावा लागे, थेट पाच वाजेपर्यंत.

सिस्टिम आपली आपणच चढत होती. मग ही बातमी मैत्रिणीला सांगायला नको? भिंगरी फोन घेऊन गॅलरीत गेली. चांगला पाऊण तास गप्पा हाणून परत आली, तर स्क्रीन काळी ठिक्कर आणि प्लग जमिनीवर.

"आजोबा, प्लग कोणी काढला?"

"मी," आजोबा म्हणाले. ते नुकतेच फिरून आले होते. "समोर कोणी नव्हतं ना."

आजोबा म्हणजे आईचे वडील. उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. तीस वर्षांपूर्वी एकदा सोल्डरिंगची सळई प्लगमध्ये तशीच ठेवून ते पाच मिनिटं बाहेर गेले आणि अर्धं दुकान जळालं. तेव्हापासून या घरात दोन नियम होते. माणूस उठला की प्लग निघाला पाहिजे. आणि यंत्रात काहीही घालायचं किंवा काढायचं असेल, तर आधी प्लग बाहेर. आईने या नियमांवरून लहानपणी धपाटे खाल्ले होते. भिंगरीच्याही हातापायांत ते मुरले होते. लॅपटॉपची बॅटरी मात्र फुगली म्हणून आजोबांनीच सहा महिन्यांपूर्वी काढून टाकली होती. तेव्हापासून तो बिचारा प्लगच्या जिवावर जगत होता. प्लग गेला, की जीव गेला.

जुनी सिस्टिम पुसली गेली होती आणि नवी अर्धीच चढली होती. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

"मला वाटलं, तू काहीतरी बघत होतीस आणि कंटाळून उठलीस," आजोबा पडेल आवाजात म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या आणि प्रायश्चित्त घेतल्यासारखे तिच्या टेबलाशेजारच्या दारात ठाण मांडून बसले, बाहेरच्या खोलीतल्या प्लगला हात पोचेल असे. "चल, मी मदत करतो. तू बटणं बघ, मी प्लग बघतो."

आणि त्यांनी तो बघितला, अगदी मन लावून. भिंगरी वहीत बघून सेटिंग चालू करी, जतन करी, लॅपटॉप बंद करी. लगेच आजोबा प्लग उपसत. ती पेनड्राइव्ह लावी, आजोबा प्लग खोचत. ती बटण दाबी. आणि ती पांढरी ओळ.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपण घाईत काहीतरी चुकलो. दुसऱ्यांदा तिने पेनड्राइव्ह दुसऱ्या भोकात लावून पाहिला. तिसऱ्यांदा फुंकर मारून, फ्रॉकला पुसून. चौथ्यांदा मनातल्या मनात सगळ्या देवांना एकाच वेळी हाका मारून. देवही बहुतेक देखरेखीला गेले होते, फोन कपाटात ठेवून.

बाईंना तिने नऊ वेळा फोन लावला. तेवढ्यात आईचाच निरोप आला.

'पावणेचारला पोचते. लॅपटॉप झाला ना ग?'

भिंगरीने 'होतोय' लिहिलं. पुसलं. 'थोडा वेळ लागेल' लिहिलं, तेही पुसलं. मग डोळे मिटून 'हो' असं पाठवलं, आणि पाठवल्याबरोबर तिला स्वतःची किळस आली.

"काय लिहिलंस?" आजोबांनी विचारलं.

"झालं म्हणून."

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे नीट बघितलं. तिचे कान तापले.

शेवटचा उपाय म्हणून ती पेनड्राइव्ह मुठीत घेऊन खालच्या मजल्यावर पळाली. तिथे छापखान्याचे काका राहत. त्यांच्या संगणकाला कॅमेरा नव्हता, म्हणजे परीक्षेला तो कुचकामी, पण पेनड्राइव्ह तपासायला तरी चालला असता. काकांनी चष्मा शोधला, मग चष्म्याचं फडकं शोधलं, मग पेनड्राइव्ह लावला. त्यांचा संगणक त्यावरून झोकात सुरू झाला.

"ठणठणीत आहे की ग," काका म्हणाले. "दोष याच्यात नाही."

दोष याच्यात नाही, म्हणजे दोष लॅपटॉपमध्ये. म्हणजे अर्धवट चढताना झटका बसून तो कायमचा गेला. म्हणजे आईचे दोन मजले गेले. भिंगरी कठडा धरून जिना चढू लागली. गेल्या वर्षी ताप, यंदा हुशारी. आईच्या वाटेत दरवर्षी आडवी येणारी मांजर आपणच, असं तिला वाटलं.

ती वर आल्यावर आजोबांनी प्लग पुन्हा खोचला आणि तिने सेटिंग उघडलं. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. पावणेतीन झाले होते. आणि तिथे तो पर्याय पुन्हा बंद होता.

"आजोबा, मी हा चालू केला होता." तिचा आवाज फाटला. "दर वेळी करते. दर वेळी मला वाटतं की जतन करायचं राहिलं. पण गेल्या वेळी मी दोनदा बघितलंय. गळ्याशपथ. हा मुद्दाम छळतोय मला."

"यंत्र मुद्दाम काही करत नाही," आजोबा म्हणाले, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. ते स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "भिंगरे, हे घड्याळ कोणाचं?"

"लॅपटॉपचं. सोडा ना आजोबा ते."

"सोडू कसं? रात्रीचे बारा वाजून दोन मिनिटं दाखवतंय. तारीख एक जानेवारी, आणि साल बघ, तुझ्या जन्माच्या आधीचं. मघाशीही हेच होतं. त्याच्या मघाशीही. मला वाटलं, बंदच असेल. पण बघ, चालतंय. आता तीन मिनिटं झाली."

"मग?"

"मग काय मग. चालतं घड्याळ दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतंय, म्हणजे मध्ये कुठेतरी ते मरतंय. आत एक सेल असतो, शर्टाच्या बटणाएवढा. सगळं बंद असताना वेळ धरून ठेवतो. तो संपलाय याचा." आजोबा बोलता बोलता मंदावले. "वेळ तोच धरून ठेवतो... आणि बाकीचं? तू जे चालू करतेस, ते बंद असताना कोण लक्षात ठेवतं?"

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं. आजोबांनी आपल्या हाताकडे बघितलं. हातात प्लगची वायर होती, पुढच्या खेपेसाठी तयार धरलेली.

"सकाळी तू मध्ये प्लग काढला होतास?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. तुम्ही फिरायला गेला होतात, आणि बाई घाई करत होत्या. म्हणून मी..." पुढचं तिने गिळलं. नियम मोडल्याची कबुली द्यायची ही वेळ होती की नव्हती, कळेना.

"म्हणजे प्लग असला की त्याला सगळं आठवतं, आणि मी दर वेळी ते पुसून टाकतोय," आजोबा म्हणाले. "दोन तास. हौसेने."

"नवा सेल आहे तुमच्याकडे?"

"डबाभर आहेत. पण हे खोलून परत लावायला दीड तास जाईल, आणि माझे हात आता थरथरतात." त्यांनी वायर मांडीवरून खाली ठेवली. सावकाश, जणू ती काचेची होती. "प्लग राहू दे. तसाच घाल पेनड्राइव्ह."

"चालू प्लगवर?"

"घाल म्हणतो ना. आणि लवकर घाल, माझं मन बदलायच्या आत."

भिंगरीने पर्याय चालू केला, जतन केला, लॅपटॉप बंद केला. आजोबांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. तिने पेनड्राइव्ह आत सारला, बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

"उघड डोळे," थोड्या वेळाने आजोबा म्हणाले. "काहीतरी निळं आलंय."

तीनला दहा कमी होते. सिस्टिम चढायला चाळीस मिनिटं, परीक्षेचा प्रोग्रॅम उतरवायला आणखी वीस. आईची नोंदणी करायला पाच. गणित जेमतेम बसत होतं. त्यात एक शिंकसुद्धा बसत नव्हती. टेबल आतल्या खोलीत, पण तिथे प्लगची सोय नव्हती. वायर दाराखालून बाहेरच्या खोलीत यायची. आजोबा उठले, बाहेर गेले आणि प्लगला पाठ लावून जमिनीवर बसले. गेल्या दहा वर्षांत त्यांना कोणी जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

टक्के मुंगीच्या पावलांनी चढत होते. एकोणतीसवर ते इतका वेळ अडले, की भिंगरीने नखं संपवून पेन्सिल खायला घेतली. त्र्याऐंशीवर पुन्हा अडले. साडेतीनला नवी सिस्टिम उघडली आणि ती प्रोग्रॅमच्या मागे लागली. तो अर्धा उतरला असतानाच दाराची घंटा वाजली.

आई आली. केसांना वाफेचा दमट वास, खांद्यावर पिशवी, डोळ्यांत धाकधूक. भिंगरीने दार उघडलं. आईने चपला काढल्या, आतल्या खोलीकडे एक नजर टाकली; लॅपटॉप चालू, समोर कोणी नाही. तिचा हात सवयीने, विचार न करता, आजोबांच्या खांद्यावरून प्लगकडे गेला.

आजोबांनी तिचं मनगट पकडलं.

"हात लावायचा नाही."

"बाबा, पण समोर कोणी नाही. तुम्हीच तर..."

"माहीत आहे मला मीच तर. आज नाही."

आई वडिलांकडे बघत राहिली. मग मुलीकडे वळली. "मघाशीच झालं होतं ना ग?"

"नव्हतं झालं," भिंगरी म्हणाली. "मी खोटं लिहिलं. अजूनही नाही झालं. सात मिनिटं राहिलीत."

आईचा चेहरा कोऱ्या चादरीसारखा पांढरा पडला. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"सहा वाजेपर्यंत तर मला वेळ नाही," ती म्हणाली. "सहानंतर बघते तुझ्याकडे." आणि तोंड धुवायला गेली.

चारला चार मिनिटं कमी असताना स्क्रीनवर आईचा फोटो आणि नाव आलं. खोलीत दुसरं कोणी चालणार नव्हतं, म्हणून दार लागलं. बाहेर भिंगरी आणि आजोबा, आणि दाराखालून गेलेली वायर. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग कळा वाजायला लागल्या. अडखळत, मग सरळ.

साडेचारच्या सुमाराला आजोबांनी मान हलवली.

"पायाला मुंग्या आल्यात ग."

"उठा ना मग. मी बसते."

"माणूस उठला की..."

"माहीत आहे," भिंगरी म्हणाली. ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि प्लगवर आपला तळहात घट्ट दाबून ठेवला. "आता उठा."

आजोबांनी तिचा हात एकदा नीट तपासला, आणि मग भिंतीला धरून, एकेक गुडघा मोजत, ते उठले.